जिल्ह्याचा मुकुट मिळाला, आता पुढची शिडी खरी की कागदी?

पडाव | मंगळवार, रात्री ९.४०

मंडळी, धागा काढायला कारण आमची पुतणी. वय १९, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, राहायला मालवण तालुक्यात आमच्या मूळ घरी. मी डोंबिवलीत. गणपती आणि मे महिना एवढाच माझा गावाशी संबंध, त्यामुळे सल्ला मात्र सगळे मलाच विचारतात.

गेल्या महिन्यात कुडाळला एका हॉलमध्ये जिल्हा पातळीची सौंदर्यस्पर्धा झाली. पुतणीने घरी सांगितलं होतं, प्रॅक्टिकलची जर्नल पुरी करायला मैत्रिणीकडे जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिचा फोटो. डोक्यावर मुकुट, खांद्यावरून पट्टा. वहिनीने चहा चुलीवर तसाच टाकला. भाऊ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी तोच फोटो त्याच्या मोबाइलवर डीपी म्हणून लागला.

इथपर्यंत ठीक. आता पत्र आलंय. पुण्याला तीन दिवसांची 'स्टेट फिनाले'. राहणं, ग्रूमिंग, गाऊनचं भाडं आणि फोटोशूट धरून ३८,५०० रुपये, दहा दिवसांत भरायचे. जिंकली तर 'राष्ट्रीय पातळीवर महाराष्ट्राचं प्रतिनिधित्व'. भावाची होडी शाकारून ठेवलेली आहे, १ जूनपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत घरात रोकड येणं नाही. भाऊ म्हणतो, तू सांगशील तसं करू. मी काय सांगू? मला रॅम्प म्हणजे होडी चढवायचा उतार एवढंच माहीत.

ही शिडी खरंच वर जाते का? कोणी स्वतः चढलंय, कोणाची मुलगी, बहीण? सौंदर्यस्पर्धा मुळात चांगल्या की वाईट हा वाद कृपया नको. (घालणारच आहात, पण मी विनंती केली होती याची नोंद असू द्या.)

बांगडा_फ्राय | ९.४६

मुकुट कशाचा आहे ते आधी बघा. सोन्याचा असेल तर बंदीचे दोन महिने निघतील. हलके घ्या.

रापण | ९.५१

पॉपकॉर्न... चुकलं, खटखटे लाडू घेऊन बसलोय.

तिरफळ | १०.२५

मी मुंबईत कपडेपटाचं काम करते, अशा स्पर्धांच्या मागच्या खोलीत बरीच उभी राहिले आहे. माहीत आहे ते सांगते.

पडाव, तुमच्या डोक्यात क्रिकेटचं चित्र आहे. तालुका, जिल्हा, रणजी, मग भारत. इथे तसं नाही. 'राष्ट्रीय' अशी एकच स्पर्धा नाही आणि त्यांच्या वर कोणतं एक मंडळही नाही.

सगळ्यांना माहीत असलेली म्हणजे फेमिना मिस इंडिया, १९६४पासूनची. मिस वर्ल्डला आपली मुलगी जाते ती तिथून. २०१७पासून त्यांनी राज्यवार पद्धत आणली: प्रत्येक राज्याची एक विजेती, मग सगळ्यांची मिळून अंतिम फेरी. पहिल्याच वर्षी हरियाणाची मानुषी छिल्लर आली आणि पुढे मिस वर्ल्ड झाली, त्यामुळे पद्धत गाजली. पण हे नीट वाचा: राज्याची मुलगी ते स्वतः निवडतात, स्वतःच्या अर्जांतून, स्वतःच्या ऑडिशनमधून. कुडाळच्या हॉलात कोणी काय जिंकलं त्याने तिथली रांग हलत नाही.

मिस युनिव्हर्सची वाट निराळी. तिचा भारतातला परवाना हात बदलत आलाय. २०१० ते २०१२ सुश्मिता सेनच्या संस्थेकडे होता, मग २०१३ ते २०२३ 'मिस दिवा'कडे (हरनाझ संधू २०२१मध्ये गेली ती तिथूनच), आणि २०२४पासून तिसऱ्याच संस्थेकडे. म्हणजे दहा वर्षांपूर्वी खरी असलेली पायरीही आज खरी असेल असं नाही.

या दोन सोडून 'मिस अमुक इंडिया' आणि 'मिस तमुक भारत' किती आहेत ते मोजणं मी सोडून दिलंय. त्यातल्या काही प्रामाणिक असतात, चांगला कार्यक्रम करतात. पण पत्रात फक्त 'राष्ट्रीय पातळी' लिहिलं असेल तर विचारा, कुठली? नाव काय? गेल्या वर्षी तुमची कोण मुलगी तिथे गेली? तिचा फोन नंबर मिळेल का? या चार प्रश्नांना उत्तर देताना माणूस अडखळला तर पैसे भावाच्या जाळ्याला लावा.

हापूस_पेटी | १०.३१

तिरफळ, वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्या भाचीला लागणार आहे.

सुरंगी | ११.०५

मी चढले आहे ही शिडी, म्हणून लिहिते. साल २०११, रत्नागिरी. आता दोन मुलं आहेत आणि हे त्यांच्या बाबांना अर्धंच माहीत आहे.

आम्ही २२ जणी होतो. प्रवेश फी थोडी होती, पण प्रत्येकीला ४० तिकिटं खपवायला दिली. जितकी तिकिटं खपतील तितके 'लोकप्रियते'चे गुण. बाबांनी त्यांच्या ऑफिसात, आईने भिशीत, मामाने नाट्यमंडळात खपवली. तरी ११ उरली, ती बाबांनीच घेतली. कार्यक्रमाला पहिल्या तीन रांगा माझ्या नातेवाइकांच्या आणि त्यांना वाटत होतं की नाटक आहे.

मागच्या खोलीत एकच आरसा, एकच पंखा. इस्त्री एकीने घरून आणली होती ती २२ गाऊनवर फिरली. माझा गाऊन म्हणजे आईची शिफॉन साडी, आमच्या लेडीज टेलरने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा असलं काही शिवलं. त्याने सवयीप्रमाणे आत चेनच्या जोडीला चार हुक लावले, 'रिस्क नको' म्हणून. देव त्याचं भलं करो, कारण चेन रॅम्पवरच गेली.

मुकुट एकीलाच मिळाला, पण रिकाम्या हाताने जवळजवळ कोणी गेलं नाही. मिस स्माईल, मिस फोटोजेनिक, मिस ब्यूटिफुल हेअर, मिस कॉन्फिडंट... २२ मुली, १९ पट्टे. मी मिस कॉन्फिडंट. चेन तुटूनही चालत राहिले म्हणून असावं.

मग सगळ्यांना पुढच्या फेरीचं पत्र. मी गेले नाही, पैसे नव्हते. एक मैत्रीण गेली. तिथेही तिला पट्टा मिळाला, आणि पुन्हा पत्र. दुसऱ्या पत्रातला आकडा पहिल्याच्या दुप्पट होता. तिथे तिच्या वडिलांनी थांबवलं.

पण पडाव, खोटं बोलणार नाही. त्या रात्री त्या फळ्यांवरून चालताना जे वाटलं ते आजवर कुठे वाटलं नाही. मुकुटाचे खडे गणपतीपर्यंत गळून जातात. चालणं राहतं.

बांगडा_फ्राय | ११.०९

@सुरंगी, उरलेल्या तिघींना पट्टे का नाहीत?

सुरंगी | ११.१२

ज्या तिघींच्या वडिलांनी तिकिटं परत केली त्यांना मिळाले नाहीत :)

जुना_कंदील | बुधवार, सकाळी ६.१५

३१ वर्षं शाळेत शिकवलं. पडाव म्हणतात वाद नको, पण प्रश्नाच्या पोटातच तो वाद आहे.

मुलगी विज्ञान शिकते आहे. तिला गुण कशाचे मिळणार? उंचीचे, रंगाचे, कमरेचे. गुरं बाजारात उभी करतात तेव्हाही दात बघतात. १९९६ साली बंगळुरूला मिस वर्ल्ड झालं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवतं. विरोध एवढा, की पोहण्याच्या पोशाखातली फेरी उचलून सेशेल्सला न्यावी लागली. तेव्हा विरोध करणाऱ्यांत संस्कृतिरक्षकही होते आणि स्त्रीमुक्तीवालेही. ही दोन माणसं एका बाजूला उभी राहतात असे प्रसंग थोडेच.

३८,५०० रुपयांत वर्षभराचा चांगला क्लास होतो. एवढंच.

अबोली | ७.४०

@जुना_कंदील सर, आदर ठेवून विचारते. मुलगी बघायला येतात तेव्हा काय बघतात? उंची, रंग, 'जरा चालून दाखव', 'जरा वाचून दाखव'. फक्त तिथे परीक्षक चहा-पोहे खाऊन जातात आणि निकाल पंधरा दिवसांनी मध्यस्थाकडून कळतो. मी असल्या पाच फेऱ्या दिल्या आहेत, प्रवेश फी आमच्या आईच्या कांदेपोह्यांची. तिथे पट्टापण मिळत नाही.

या मुलीने निदान स्वतः अर्ज भरला.

आणि माहितीसाठी, मिस वर्ल्डने ती पोहण्याच्या पोशाखाची फेरी २०१५पासून बंद केली आहे.

हापूस_पेटी | ७.४४

कांदेपोह्यांवर बाजार उठला. +१०००

जुना_कंदील | ८.०२

@अबोली, गुण दिले. पण एका चुकीने दुसरी चूक बरोबर ठरत नाही.

चाकरमानी_दादर | ८.३०

रंगाचा विषय निघालाच आहे तर. कोकणातली सुंदर मुलगी म्हटलं की लोक लगेच 'गोरी, घारे डोळे' म्हणतात. अरे, किनाऱ्यावर किती जण तसे आहेत? सकाळी सात वाजता मालवणच्या बंदरावर लिलावाला उभ्या असलेल्या बायका बघा. उन्हाने तांबूस झालेला काळा रंग, अबोलीचा वळेसर, कंबरेवर पाटी आणि आवाज असा की एजंट दोन पावलं मागे सरकतो. त्यांना रॅम्पवर चालवा. परीक्षकांनाच घाम फुटेल.

तिरफळ | ९.१०

@चाकरमानी, मागच्या खोलीत सगळ्यात जास्त खपतो तो दोन शेड उजळ फाउंडेशन. सावळी मुलगी आत येते आणि राखाडी होऊन बाहेर पडते. पडाव, पुतणी कुठेही गेली तरी तिला सांगा, स्वतःच्या रंगाची बाटली स्वतः घेऊन जायची.

मांडवीपार | १०.२०

पणजीहून. तुम्ही सगळे १९९४पासून, सुश्मिता-ऐश्वर्यापासून सुरुवात करता. आमच्या गोव्याचं रक्त त्याच्या आधी २८ वर्षं जिंकलंय! रीटा फारिया, मिस वर्ल्ड १९६६, हा किताब मिळवणारी पहिली आशियाई. जन्म आणि शिक्षण मुंबईचं, पण आईवडील गोंयकार. फेमिनाने पाठवली होती.

तिरफळ | १०.३४

एक दुरुस्ती. रीटा फारिया फेमिनाकडून नाही, 'ईव्ह्ज वीकली'च्या स्पर्धेतून गेली. त्या काळात दोन मासिकं, दोन मिस इंडिया. एकीची मिस वर्ल्डला जायची, दुसरीची मिस युनिव्हर्सला. म्हणजे 'खरी राष्ट्रीय कुठली' हा घोळ साठ वर्षं जुना आहे, पडावांच्या भावाने दोन दिवसांत सुटेल अशी अपेक्षा ठेवू नये.

जुना_कंदील | १०.५०

रीटा फारियाचं नाव काढलंत ते बरं केलंत. ती तेव्हा ग्रँट मेडिकलची विद्यार्थिनी. वर्षभर मुकुट सांभाळला, सिनेमाला नाही म्हणाली, पुन्हा वैद्यकीय शिक्षणाकडे वळली आणि डॉक्टर म्हणून आयर्लंडला आयुष्य काढलं. हे उदाहरण मला चालेल.

अबोली | १०.५३

सर हळूहळू परीक्षक मंडळात येत आहेत.

खाजणातला_खेकडा | दुपारी १२.१५

बांद्याहून लिहितोय. आमच्याकडून पत्रादेवीचा नाका, म्हणजे गोव्याची हद्द, चालत जाण्याच्या अंतरावर. मला वेगळाच प्रश्न पडलाय.

राज्यवार पद्धत म्हणजे महाराष्ट्राची एक मुलगी आणि गोव्याचीही एक. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख, गोवा १४ लाख ५८ हजार. म्हणजे आमची मुलगी नाक्याच्या अलीकडे जन्मली म्हणून तिच्यासमोरची गर्दी सत्त्याहत्तर पट! आख्खा सिंधुदुर्ग ८ लाख ४९ हजार. मुंबई, पुणे, नागपूर सगळं ओलांडून आमचं चेडू राज्यात पहिलं येणार कधी? कोकणाला वेगळी जागा हवी. वेगळं राज्य नको, फक्त मिस कोकण द्या.

रापण | १२.२२

वेगळ्या कोकणाची मागणी इतक्या सुंदर कारणासाठी पहिल्यांदाच ऐकली.

हापूस_पेटी | १२.३१

@खेकडा, २०२२ची मिस इंडिया सिनी शेट्टी मुंबईत जन्मली, मुंबईत वाढली आणि कर्नाटकाकडून जिंकली, कारण घरचं मूळ तिकडचं. पडाव, पुतणीचं आजोळ कुठे?

पडाव | १२.५८

...पेडणे तालुका. गोवा.

खाजणातला_खेकडा | १२.५९

!!!!!!

मांडवीपार | दुपारी १.०४

येवकार! पण नियम वाचल्याशिवाय उड्या मारू नका. आणि आमच्याकडची एक जागा आहे ती आमच्या मुलींना पुरत नाही, त्यात तुम्ही सत्त्याहत्तर पट गर्दीतून नदी ओलांडून येणार. आंबे आणि मासे आणता तेवढं पुरे.

चाकरमानी_दादर | १.३०

शिरोडकर राहिली ना. नम्रता शिरोडकर, मिस इंडिया १९९३. शिरोडकर म्हणजे शिरोड्याचे, म्हणजे वेंगुर्ल्याचे, म्हणजे आपले.

मांडवीपार | १.३८

शिरोडें फोंडा तालुक्यातही आहे. आमचं.

चाकरमानी_दादर | १.४१

मिठाचा सत्याग्रह १९३०ला आमच्या शिरोड्यात झाला. तुमच्या शिरोड्यात मीठ तरी आहे का?

जुना_कंदील | १.५५

नळावरचं भांडण थांबवा. नम्रताची आजी मीनाक्षी शिरोडकर. १९३८च्या 'ब्रह्मचारी'त त्या पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि महाराष्ट्र हादरला. आमचे वडील तो चित्रपट तीनदा पाहून आले होते आणि तिन्ही वेळा अत्र्यांच्या संवादांसाठी गेलो म्हणून सांगायचे. आजीने ५५ वर्षं आधी वाट मोकळी करून ठेवली होती.

अबोली | १.५८

सर!!! सकाळी ६.१५चे तुम्ही आणि आत्ताचे तुम्ही यांची भेट घडवून आणायला हवी.

रापण | २.१०

अवांतर: २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. कारण पुरुष सगळे डोंबिवलीत बसून धागे काढतात.

बांगडा_फ्राय | २.४५

मी गाऱ्हाणं घालतंय, सगळ्यांनी मागून व्हय म्हणा.

बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा! आज ह्या पडावाच्या घरच्या चेडवान जा काय मनात धरलेला आसा, ता सिद्धीक ने रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!

जो कोण अडतीस हजार पाचशे मागता, तेका पुण्याच्या घाटात गाडी बंद पडून उभो कर रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा!

जज लोकांका मालवणी समजाची बुद्धी दी, आणि तेंच्या पोटात सोलकढी घालून तेंका गार ठेव रे म्हाराजा!

सुरंगी, रापण, हापूस_पेटी, खाजणातला_खेकडा आणि इतर ९ जण: व्हय म्हाराजा!

दहीकालो | सायंकाळी ५.२०

उशिरा आलो. कोकणात सौंदर्याची स्पर्धा म्हणता आणि दशावताराचं नाव कोणी काढत नाही?

आमच्याकडची खरी विश्वसुंदरी म्हणजे स्त्रीपार्टी. दिवसा शेतात नांगर धरणारा बाप्या, संध्याकाळी देवळामागे पेटाऱ्यावर बसतो, हातात छोटा आरसा, दिव्याच्या उजेडात स्वतःचा रंग स्वतः लावतो. नऊवारी नेसतो, अंबाडा घालतो. आणि पहाटे तीन वाजता दमयंती होऊन रडायला लागला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसतात. यातल्या निम्म्या जणींनी त्याला सकाळी उघड्या अंगाने विडी ओढताना पाहिलेलं असतं.

मुद्दा असा की या स्पर्धांत मुली सगळ्यात जास्त घाबरतात कशाला? प्रश्नोत्तराच्या फेरीला. आता दशावतारात लिहिलेले संवाद नाहीत. आख्यान ठरतं, राजपार्टी, म्हणजे राजा झालेला नट, समोरून वाक्य टाकतो आणि तुम्हाला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं असतं, तेही ऐटीत, भूमिका न सोडता. दहा मिनिटं सवाल-जवाब चालतो. तीस सेकंदांचं काय घेऊन बसलात?

तिरफळ | ५.४५

@दहीकालो, अगदी बरोबर. मधू सप्रेचं उदाहरण माहीत असेल. नागपूरची मुलगी, मैदानावर वाढलेली, १९९२ला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत. विचारलं, देशाची प्रमुख झालीस तर आधी काय करशील? ती म्हणाली, खेळाचं मोठं मैदान बांधीन. तिसरी आली. लोक म्हणाले, गरिबी हटवीन म्हणायला हवं होतं.

चाकरमानी_दादर | ५.५२

मनातलं बोलली ती. आमच्या गावात मुलं अजून कापलेल्या शेतात क्रिकेट खेळतात. मी तिला पहिला नंबर दिला असता.

हापूस_पेटी | ५.५९

पण इंग्रजी? आमची भाची सगळ्यात हुशार, पण इंग्रजीत प्रश्न आला की खांब.

तिरफळ | ६.०८

आंतरराष्ट्रीय मंचावर कितीतरी मुली स्वतःच्या भाषेत बोलतात, दुभाषी शेजारी उभा असतो. मराठीत विचार करून तोडक्या इंग्रजीत बोलण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आपल्याकडे मात्र ग्रूमिंगवाले पहिल्या दिवशी उच्चार बदलायला घेतात, तेव्हा इंग्रजीची तयारी ठेवावी हेही खरं.

पडाव | रात्री ९.१५

मंडळी, धागा वाचून दिवसभर ऑफिसात एकटाच हसतोय. दहीकालो, तुम्ही काडी टाकलीत ती बरोबर गंजीवर पडली. आमचे बाबा, म्हणजे मुलीचे आजोबा, २२ वर्षं दशावतारात होते. स्त्रीपार्टी. मी लहानपणी शाळेत हे कधी सांगितलं नाही, मुलं चिडवायची. आज ७८ वर्षांचे आहेत. भावाला फोन केला तेव्हा कळलं की ती कुडाळला गेली होती ते घरात एकट्या बाबांना माहीत होतं. चालायला शिकवलं ते त्यांनीच, पडवीत. "पाऊल टाकताना जमिनीक कळूक नये, पण बघणाऱ्याक कळाक होया," असं म्हणतात म्हणे.

तिरफळ, तुमचे चार प्रश्न घेऊन मी आयोजकांना फोन लावला. राष्ट्रीय स्पर्धेचं नाव विचारलं, तर म्हणाले 'टायअप प्रोसेसमध्ये आहे'. गेल्या वर्षीची मुलगी विचारली, तर 'डेटा शेअर करत नाही'. मग मीच विचारलं, हप्त्याने चालेल का? त्यावर आवाज एकदम गोड झाला. तीन हप्ते चालतील म्हणाले.

बांगडा_फ्राय | ९.१८

फ्रिजसारखं. मुकुटावर वॉरंटी किती?

सुरंगी | ९.३०

पडाव, पुतणीला आज रागावू नका. पहिल्या पत्राने मीही आठ दिवस हवेत होते.

दहीकालो | ९.४१

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. कुठल्या कंपनीत होते ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बहुतेक पाहिले असतील त्यांना.

चेडू_१९ | रात्री १०.२०

नमस्कार. मी ती पुतणी. काकांनी आईला धागा पाठवला, आईने मला दाखवला. काका, मला विचारून लिहिलं असतं तर चाललं असतं.

दोनतीन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक म्हणजे मी पैसे मागितलेले नाहीत. पत्र बाबांच्या नावाने आलं, ते त्यांनी मला न दाखवता तुम्हाला फोटो काढून पाठवलं. मी त्याच दिवशी बाकीच्या मुलींना मेसेज केले. पहिल्या तिघींना, मिस स्माईलला आणि मिस टॅलेंटेडला, सगळ्यांना 'जिल्ह्याची विजेती' म्हणून तेच पत्र आलंय. वेंगुर्ल्याच्या एका मुलीला तर पट्टासुद्धा मिळाला नव्हता, तिलाही आलं. तिच्या आईने कानातलं मोडायचं ठरवलं होतं. तिला मी हा धागा पाठवलाय.

दुसरं, मोठ्या स्पर्धेचा अर्ज थेट भरता येतो हे मला आधीपासून माहीत होतं. उंची पाच फूट चार आहे, बसते. कुडाळला गेले ते स्टेजवर पाय लटपटतात का बघायला. लटपटले. पण आजो म्हणाले, पहिल्या नाटकात त्यांची साडी सुटली होती.

जुना कंदील सर, मी समुद्री शेवाळांवर प्रोजेक्ट करते आहे आणि गेल्या सेमिस्टरला वर्गात दुसरी होते. क्लासचे पैसे वाचतील.

अबोलीताई, थँक्यू.

पेडण्याबद्दल: मामा आत्ताच आईला फोन करून विचारत होता की तू गोव्याकडून उभी राहतेस का. निवडणूक नाही म्हणून सांगितलं त्याला.

आता माझा प्रश्न. उंच टाचांची सवय नाही मला. कुडाळला मैत्रिणीच्या चपला होत्या, चार इंची, एक नंबर मोठ्या, पुढे कापूस भरला होता. आजो रोज रात्री जेवल्यावर सवाल टाकतात आणि मी पडवीभर चालत उत्तर द्यायचं, पण ते अनवाणी. इथे बाजारात आत्ता रेनशूज सोडून काही मिळत नाही. कोणाकडे वापरलेल्या, पाच नंबरच्या आहेत का?

जुना_कंदील | १०.३४

शेवाळांवरचा प्रोजेक्ट वाचायला पाठव. आणि सकाळचं माझं गुरांच्या बाजाराचं वाक्य मागे घेतो. बाकीचं तसंच ठेवतो.

बांगडा_फ्राय | १०.३६

आजोंचा आजचा सवाल काय होता?

चेडू_१९ | १०.४१

"तू द्रौपदी, समोर भरलेली सभा, आणि तुझो नवरो मान खाली घालून बसलेलो. बोल." मी साडेतीन मिनिटं बोलले. ते म्हणाले, अजून रडतेस फार.

सुरंगी | १०.४८

माझ्या २०११च्या आहेत, चंदेरी, साडेतीन इंची, पाच नंबर. डाव्या पायाची टाच एकदा फेविक्विकने चिकटवली आहे, ती चांभाराकडून ठोकून घ्यावी लागेल. माझा मामेभाऊ शनिवारी तुतारीने सावंतवाडीला जातोय, कुडाळला डब्यातून खाली देईल. स्टेशनवर कोण येईल?

चेडू_१९ | १०.५०

आजो येतो म्हणतायत.

सुरंगी | १०.५२

येऊ दे. पिशवी निळी आहे, वर रत्नागिरीच्या फणसपोळीचा डबा असेल, तो त्यांच्यासाठी. टाच आधी ठोकून घे, मग घाल.